रेंज नसलेल्या बागेतले संशोधन

नाशिकमध्ये संगणक अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मी मोबाइल आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स (एकमेकांना संदेश पाठवून मिळून काम करणारी अनेक यंत्रे) हा विषय निवडला, तो दिंडोरी तालुक्यातील मामांच्या द्राक्षबागेमुळे. बाग ओढ्याकडे उतरत जाते आणि खालच्या ओळींमध्ये फोनला रेंज मिळत नाही. फवारणीची नोंद मात्र तिथेच व्हावी लागते, कारण निर्यातीच्या मालाची रेसिड्यू तपासणी, म्हणजे फळावर उरलेल्या औषधाच्या अंशाची तपासणी, होते आणि कोणते औषध कधी मारले हे दाखवावे लागते. म्हणून नोंद आधी फोनमध्ये साठवणारे आणि रेंज आली की सर्व्हरशी सिंक करणारे, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळवून घेणारे, एक अॅप मी तयार केले.

पहिल्याच हंगामात एक नोंद हरवली. मामांनी सकाळी सातला एका प्लॉटपुढे ‘फवारणी बाकी’ असे लिहिले होते, आणि मुकादमांनी साडेसातला त्याच प्लॉटपुढे ‘मॅन्कोझेब (हे बुरशीनाशक) मारले’ असे लिहिले. संध्याकाळी सिंक झाल्यावर सर्व्हरवर ‘बाकी’ एवढेच उरले. मामांच्या फोनचे घड्याळ चाळीस मिनिटे पुढे होते आणि ‘ज्याची वेळ नंतरची, ती नोंद खरी’ हा नियम मी स्वतः लिहिला होता. मामांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारणीची तयारी सुरू केली, तेव्हा मुकादमांनी थांबवले म्हणून निभावले. ती रात्र मला फार जड गेली.

या विषयात नव्याने येणाऱ्यांना माझे सांगणे असे, की संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांचा 1978 चा तार्किक घड्याळांवरील (खऱ्या वेळेऐवजी घटनांना क्रमाचे आकडे देणाऱ्या घड्याळांवरील) शोधनिबंध सर्वांत आधी वाचावा, आणि तोही हातात पेन्सिल घेऊन, दोन-तीन प्रक्रियांच्या (वेगवेगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रोग्रामांच्या) उभ्या रेषा व संदेशांचे बाण स्वतः काढत वाचावा. खरी वेळ बाजूला ठेवून ‘कोणती घटना कोणत्या घटनेवर परिणाम करू शकत होती’ एवढाच प्रश्न विचारायचा, ही त्यातली दृष्टी एकदा अंगवळणी पडली की पुढचे पुष्कळसे वाचन सोपे जाते. मात्र लॅम्पोर्ट घड्याळावरचा लहान आकडा पाहून ती घटना दुसरीच्या आधी, तिला कारण होऊन घडली, असे ठरवता येत नाही. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी 1988 मध्ये फिज आणि मॅटर्न या संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडलेली व्हेक्टर घड्याळे लागतात, ज्यांत प्रत्येक यंत्र इतर यंत्रांकडून आपल्यापर्यंत काय पोहोचले आहे याचाही हिशेब ठेवते. मामा आणि मुकादम यांच्या नोंदी एकमेकींना न पाहता लिहिल्या गेल्या होत्या, आणि नेमके हेच माझ्या सर्व्हरला कळायला हवे होते.

त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठातील सत्यनारायणन यांच्या गटाची कोडा ही फाइल प्रणाली अभ्यासावी. संपर्क तुटल्यावरही काम चालू राहावे, हा विचार त्यांनी स्मार्टफोनच्या कितीतरी आधी केला होता. सिम्युलेटरवरचे (संगणकावर नक्कल करून काढलेले) आलेख शोधनिबंधासाठी लागतातच, पण खऱ्या फोनवरची चाचणी टाळू नये. माझे सिंक महाविद्यालयातील टेबलावर अचूक चालत असे आणि बागेत तासन्तास रखडत असे. टेबलावर फोन केबलने चार्जिंगला लावलेला असल्यामुळे, अँड्रॉइड 6.0 पासून आलेला डोझ हा, बॅटरी वाचवण्यासाठी पडून असलेल्या फोनचे सिंकसारखे काम लांबवणारा प्रकार तिथे कधी लागूच होत नव्हता, हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक चाचणी केबल काढून, स्क्रीन बंद करून आणि फोन खाली ठेवून करतो, आणि दोन्ही फोनमधील मूळ लॉग (काय केव्हा घडले याची फोनने ठेवलेली नोंद) कधीही पुसत नाही.

आता अशा दोन नोंदी आल्या की सर्व्हर एकही पुसत नाही. मामांच्या फोनवर त्या एकीखाली एक दिसतात, आणि मामा मुकादमांना विचारून त्यांतली एक कायम करतात.