मातीचा स्लॅब (भांड्यांसाठी लाटलेली जाड, सपाट पोळी) लाटायला बसण्याआधी (फळ्या दोन!)

माती, पाणी, सुरी हे सांगायला नको. प्लायच्या फळ्या मात्र दोन घ्या. दोन. स्लॅबपेक्षा चार बोटं मोठ्या आणि सनमायका न लावलेल्या. साधं प्लाय पाणी शोषून घेतं, सनमायकाला माती चिकटून बसते. मागच्या खेपेला एकाच फळीवर भागवलं आणि भट्टीतून निघालेला ट्रे अजून टेबलावर डुगडुगतो.

माती पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवी. ट्रेसारखं सपाट, मोठं काही करायचं असेल तर ग्रॉगवाली (भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेली) घ्या, कमी आक्रसते. जाडीसाठी ६ ते ८ मिमीच्या दोन लाकडी पट्ट्या लागतात. एकाच लांब पट्टीचे दोन तुकडे सुताराकडून कापून घ्या, ‘दिसायला सारख्या’ पट्ट्यांवर विसंबू नका. लाटणं दोन्ही पट्ट्यांवर टेकेल एवढं लांब हवं. स्वयंपाकघरातलं मधे फुगीर असतं, ते नको. पीव्हीसी पाइपचा सरळ तुकडा उत्तम. खाली-वर मांजरपाट, इस्त्री केलेलं. सुरकुती असेल तर ती मातीवर उमटणारच.

दोन-तीनदा लाटलं की स्लॅब उलटा करा आणि पाव वळण फिरवा. हे टाळलंत तर खालची माती कापडाला धरून बसते, नुसती वरचीच सरकत राहते. उलटा करायचा तो कडा धरून नव्हे! वर कापड, त्यावर दुसरी फळी, दोन्ही घट्ट धरून एकदम पालथं. कोपरा एकदा वाकला की दाबून सपाट केला तरी वाळताना, नाहीतर भट्टीत, तो पुन्हा उठतो. माती विसरत नाही. बुडबुडे सुईने फोडा. रबरी रिब (माती गुळगुळीत करायची लवचिक चकती) दोन्ही बाजूंनी फिरवा, म्हणजे पुन्हा पालथं, पुन्हा दुसरी फळी. घेतलीत ना?

वाळवतानाही तीच: खाली फळी, वर्तमानपत्र, स्लॅब, वर्तमानपत्र, वर फळी. कडा आधी सुकतात, तिथे प्लास्टिक गुंडाळा. पंखा बंद.

लेदर हार्ड झाला, म्हणजे अर्धवट सुकून चामड्यासारखा घट्ट झाला, की कापा. जोडाला ओरखडे, स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती), दाब. मग प्लास्टिकखाली सावकाश वाळू द्या. भट्टीत घालण्याआधी गालाला लावून बघा, गार लागला तर आत अजून पाणी आहे.