जुनी डिझेल गाडी सकाळी स्टार्ट होईना? नोझल काढायच्या आधी हे बघा

माझी गाडी २०१० ची, कॉमन रेल डिझेल (पंप एका नळीत जास्त दाबानं डिझेल भरून ठेवतो, तिथनं नोझल म्हणजे इंजेक्टर ते सिलेंडरात फवारतात), घर खानापूरला आणि रोजचं जाणं-येणं बेळगावला. गेल्या डिसेंबरात सकाळी नुसतं सेल्फ मारत बसायचं, दहा-बारा सेकंद घरघर, मग एकदा सुरू झाली की दिवसभर काय तक्रार नाही. एका गॅरेजात दाखवली तर बॉनेट उघडल्या उघडल्या सांगितलं, चारी नोझल गेलेत, पंपाचं पण काम निघंल, साठ हजार धरून चला. शेवटी निघालं काय, तर डिझेल फिल्टरची रबरी रिंग. आपल्याकडं केए २२, केए २३ पासिंगच्या (बेळगाव, चिकोडी) अशा पंधरा-पंधरा वर्षांच्या गाड्या अजून भरपूर हायत, म्हणून सगळं सविस्तर सांगायलोय.

पहिलं म्हणजे गाडी गार असतानाच बघायची. गॅरेजपर्यंत चालवत नेली की ती गरम होते आणि निम्मा आजार लपतो. एकतर रात्री मेस्त्रीकडंच सोडा, नाहीतर सकाळी कुणालातरी मोबाइल घेऊन मागं उभं करा, सेल्फचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर एकाच व्हिडिओत आला पाहिजे.

मग बॅटरी. डिझेलला स्पार्क प्लग नसतोय, हवा दाबून जी तापते त्यातच डिझेल पेटतं, त्यामुळं सेल्फ सावकाश फिरला की कितीबी चांगलं इंजिन असू दे, पकडत नाही. मल्टिमीटर लावा: गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना १० च्या फार खाली जायला नको, चालू झाल्यावर १४ च्या जवळपास. हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) पण त्याच मीटरनं कळतात, वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यात बघायचं, चांगला प्लग १ ओहमच्या आसपास दाखवतो, काहीच दाखवला नाही तर तो मेला.

हे सगळं माझं बरोबर होतं. मग आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर मेस्त्रीमामांनी फिल्टरकडून पंपाकडं जाणारा रबरी पाइप काढून तिथं वीतभर पारदर्शक पाइप बसवला आणि म्हणाले, "आता मार बघू सेल्फ." डिझेलच्या आधी बुडबुड्यांची माळच आली, गाडी पकडल्यावर पण बारीक बारीक मोहरीएवढे बुडबुडे सरकत होते. माझ्या गाडीत पंप टाकीतनं डिझेल ओढून घेतो, त्यामुळं रिंग सैल झाली तरी बाहेर थेंबसुद्धा गळत नाही, उलट हवा आत जाते, रात्रभरात डिझेल मागं उतरतं आणि सकाळी पंपाला ते परत खेचून आणावं लागतं. रिंग काढून बघितली तर एका बाजूला पार चपटी झालेली, नखानं दाबली की दबलेलीच राहायची. कुणीतरी फिल्टर बदलताना जुनीच रिंग परत घातली होती. (टाकीतच पंप असलेल्या गाडीत मात्र अशी गळती बाहेर दिसते.)

फिल्टरला हात घालताय तर खालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल बाटलीत धरा आणि अर्धा तास ठेवा, पाणी असलं तर तळाला वेगळं दिसतं. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात हे दर महिन्याला केलं तरी जास्त होणार नाही.

धूर बघायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त: एअर फिल्टर, इजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचे (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याचे) पाइप. चोर्ला घाट चढताना पिकअप मेला, काळा धूर आणि फुस्स असा आवाज यायला लागला तर आधी इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचा) रबरी पाइप खालच्या बाजूनं हात फिरवून बघा, भेग असलीच तर तिथं तेलकट लागतं. टर्बो बदलायला सांगितलं तर पाइप बघितल्याशिवाय हो म्हणू नका. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ येऊन गेला तर हीटर प्लग खराब नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरात हवा दाबली जाते तो दाब) कमी, पण गरम झाल्यावर पण येतोय, गोडसर वास मारतोय आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅसकेटकडं (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) संशय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये बदलल्यावर लगेच काळं होतं. पण डिपस्टिकवर लेव्हल आपोआप वाढली, डिझेलचा वास आला किंवा ऑइल दुधासारखं दिसलं तर गाडी चालवूच नका.

गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते, पण झाकण उडायला लागलं, भकाभका धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, सिलेंडरातला दाब खाली गळतोय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा-बोअरचं काम असू शकतं, मग कॉम्प्रेशन मोजूनच पुढं जा.

नोझलचा निकाल लावायचा तर रिटर्न टेस्ट मागून घ्या. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या पाइपाला) एक बाटली लावायची, इंजिन जागेवरच दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचं, ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरली तो एकच नोझल दोषी, चारी नाहीत. आणि एक कळकळीनं सांगतो, जुन्या पंपाच्या गाडीला नोझलच्या पाइपाचा नट सैल करून मिसिंग (कुठला सिलेंडर काम करत नाही ते) शोधायचे तसं कॉमन रेलला करू नका, तिथं दाब हजार बारच्या वर जातो, बारीक फवारा कातडीत घुसतो, हात जायची वेळ येते.

तवंदी घाटात टेंपरेचरचा काटा वर गेला तर एसी बंद, हीटर फुल्ल, बाजूला घेऊन थांबा, रेडिएटरचं झाकण गार झाल्याशिवाय उघडू नका. आणि कधी किल्ली काढली तरी इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं, तर टर्बोतनं ऑइल ओढून पळतंय ते: ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका, क्लच सोडा, बंद पडू दे. परत स्टार्ट करायची नाही, तिथनं गॅरेजपर्यंत टोइंगच.