घर बांधताना राडारोडा महागात पडतो तो या चुकांमुळे

घराच्या अंदाजपत्रकात सिमेंटची पोती, सळईचे टन, विटांचे हजार असं सगळं व्यवस्थित मांडलेलं असतं. राडारोड्याला मात्र ओळच नसते. "ते काय, शेवटी एक ट्रॅक्टर बोलावू" एवढ्यावर विषय मिटतो. मग प्लास्टर संपेपर्यंत गेटपाशी छातीएवढा ढीग उभा राहतो, एका ट्रॅक्टरचे पाच होतात आणि खिडक्यांच्या ग्रिलसाठी बाजूला काढलेले पैसे त्यात जातात.

गाडीवाल्याशी घासाघीस करून यात फारसं सुटत नाही. डिझेल, भरायची मजुरी आणि अंतर हे त्याचे खर्च ठरलेले असतात. बचत होते ती ढीग लागायच्या आधी: काय वेगळं ठेवलं, काय जागेवरच जिरवलं आणि ठेक्यात काय लिहून घेतलं, यावर. काम ज्या क्रमाने चालतं त्याच क्रमाने चुका बघू.

पायाची माती बाहेर, मग मुरूम विकत

सगळ्यात महाग चूक हीच, आणि ती पहिल्याच दिवशी होते. जेसीबी तासावर लावलेला असतो. चालक केबिनमधून मान बाहेर काढून विचारतो, "मालक, माती कुठं टाकू?" मालकाने याचा विचारच केलेला नसतो. "सगळी बाहेर काढून टाक," तो म्हणतो. डंपर भरभरून जातात. पुढे जोतं भरायची वेळ आली की तोच डंपरवाला मुरूम घेऊन दारात हजर. नेण्याचे पैसे दिले, आता आणण्याचे द्या.

जरा हिशेब मांडून बघा. बारा खड्डे, प्रत्येक पाच बाय पाच आणि पाच फूट खोल. एका खड्ड्याचे १२५ घनफूट, बाराचे १५००, म्हणजे १५ ब्रास (१०० घनफुटांचा एक ब्रास). उकरलेली माती मोकळी होऊन फुगते, त्यामुळे डोळ्यासमोरचा ढीग एकोणीस-वीस ब्रासचा दिसतो आणि माणूस घाबरतो. पण खड्ड्यातला पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर), फुटिंग (त्यावरचा कॉलमचा पाया) आणि कॉलम मिळून साधारण चाळीस घनफूट जागा घेतात. उरलेले पंच्याऐंशी घनफूट त्याच खड्ड्यात परत भरायचे असतात. शिवाय हजार चौरस फुटांचं जोतं दोन फूट उचललं, तर सोलिंग (फरशीखालचा दगडांचा थर), पीसीसी आणि फरशीचा थर वजा करूनही आठ-दहा ब्रास भरणी लागते. म्हणजे बाहेर घालवायला जवळपास काही उरतच नाही.

एक अट मात्र आहे. हे गणित मुरमाचं आहे, काळ्या मातीचं नव्हे. काळी माती जोत्यात गेली की पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन-तीन वर्षांत फरशा आवाज करायला लागतात. म्हणून जेसीबीवाल्याला आधीच सांगून ठेवायचं: वरचा काळा थर एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकदा कालवले गेले की तो मुरूम जोत्यासाठी वाया गेला. काळी माती थोडी बागेला ठेवा, बाकीची घालवा. आणि मुरूम भरताना सहा ते नऊ इंचांचे थर करा, प्रत्येकावर पाणी मारा आणि धुमसाने ठोकून दाबा. एकदम ओतून वरून सपाट केलेलं जोतं पुढे बसतंच.

एक-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर ढीग ठेवायला जागा नसते, हे खरं. अशा वेळी शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या मालकाला आधी विचारा आणि त्याचा होकार व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. नाहीतर खोदाई दोन टप्प्यांत करा. जेसीबीची एक फेरी जास्त होईल, पण मुरूम विकत आणण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

माती आणि मुरूम आपल्याकडे गौण खनिजात मोडतात. त्याच प्लॉटवर परत वापरलेल्या पायाच्या मातीवर स्वामित्वधन (रॉयल्टी) लागू होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात दिला होता. बाहेर विकायची किंवा दुसरीकडे भरणीला द्यायची असेल, तर मात्र तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय गाडी हलवू नका.

"माल तुझा, घर पाडून दे"

जुनं घर पाडून नवं बांधणाऱ्यांचा हा आवडता सौदा. पाडकामवाला येतो, फिरून बघतो, "एक रुपया नको, माल माझा" म्हणतो. मालक खूश. चार दिवसांत सागवानी चौकटी, लोखंडी तुळया, खिडक्यांचे गज, मंगलोरी कौलं, शहाबादी फरश्या, वायरमधलं तांबं निघून जातं. आणि जे विकलं जात नाही ते, म्हणजे प्लास्टर, मातीच्या भिंती, फुटक्या विटा, तिथेच राहतं. फोन केला तर दुसऱ्या साइटवर आहे.

फुकट पाडून देणारा माणूस धर्मादाय करत नसतो. जुन्या घरातलं सागवान आणि घडीव काळा दगड यांची किंमत त्याला पक्की ठाऊक असते, मालकाला नसते. म्हणून आधी जुन्या मालाच्या बाजारातल्या दोन व्यापाऱ्यांना घर दाखवून किंमत काढा. मग ठरवा. करारात एक वाक्य हवंच: पायापर्यंतचं बांधकाम काढून प्लॉट मोकळा करून द्यायचा, राडारोडा उचलण्यासह. त्यापोटी थोडी अनामत आपल्याकडे ठेवायची.

पायातला दगड तर देऊच नका. नव्या घराच्या सोलिंगला आणि कुंपणाच्या भिंतीला तो थेट लागतो.

छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर घण घालून फोडू नका. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची बाधते. पाणी मारून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवायचे आणि बाकीच्या ढिगात मिसळायचे नाहीत. त्यांची विल्हेवाट वेगळी लागते. कुठे द्यायचे ते महापालिकेकडून किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून समजून घ्या.

सगळं एकाच ढिगात

विटांचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्या, टाइल्सचे खोके, थर्माकोल, पीओपी, रंगाचे डबे, मजुरांच्या जेवणाच्या पत्रावळी. हा ढीग कोणीच घेत नाही. भरणीवाला नाही म्हणतो, कारण त्यात लाकूड आणि प्लास्टिक. भंगारवाला नाही म्हणतो, कारण त्यात माती. मग तो फेकण्याचेच पैसे मोजावे लागतात. हाच माल वेगवेगळा असता तर निम्मा विकला गेला असता, पाव भाग घरातच लागला असता.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या बांधकामांना चार वाटे करायला सांगितले: काँक्रीट; माती; पोलाद, लाकूड आणि प्लास्टिक; विटा आणि सिमेंटचा मसाला. सक्ती होती ती दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त निर्माण करणाऱ्यांवर. २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमांचा मुख्य भारही २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रकल्पांवर आहे. आपल्या घराला एवढं बंधन नसलं तरी वाटणी तीच कामाची आहे. फक्त पीओपी आणि रंगाचे डबे आणखी वेगळे ठेवा. पीओपी पाण्यात विरघळत राहतं, त्यामुळे ते भरणीत किंवा काँक्रीटमध्ये जाता कामा नये.

करायचं काय, तर कोपऱ्यात चार जागा आखायच्या, मध्ये विटांची एक आडवी रांग लावली तरी पुरे. सळईचे तुकडे आणि बांधणीची तार यांना एक जुना पिंप. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांची रोज गठ्ठी बांधायची. भंगारवाला त्या नगावर घेतो आणि साइटवरही त्या लागतातच. आणि संध्याकाळी बिगाऱ्याला पंधरा मिनिटं याच कामाला द्यायची. मुकादम कुरकुर करेल. करू द्या.

अजून एक गोष्ट मुकाट्याने घडते. रस्त्याकडेला ढीग दिसला की गल्लीतले लोक आपली फुटकी कमोड, गाद्या, सुकलेल्या कुंड्या रात्री त्यावर आणून टाकतात. बिल तुमचं. ढीग कुंपणाच्या आत ठेवा, ते शक्य नसेल तर हिरवी जाळी किंवा पत्रा लावा. रस्त्यावर ठेवलेल्या मालावर महापालिकेचा दंडही होतो.

खेपेचा भाव ठरला, गाडीचा आकार नाही

"खेपेला इतके" एवढंच ठरलं की गाडी दिवसेंदिवस लहान होत जाते. भाव ब्रासवर ठरवा आणि पहिल्याच दिवशी ट्रॉली टेपने मोजा. दहा फूट लांब, सहा रुंद, पावणेदोन उंच म्हणजे १०५ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा ही झाली ब्रासभर ट्रॉली. फाळक्यापर्यंत भरली की नाही ते गाडी सुटायच्या आधी बघायचं.

लहान कामाला लोक छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो बोलावतात. त्याचा हिशेब वेगळा आहे. दहा बाय दहाची साडेचार इंची भिंत, दोन्हीकडचा गिलावा धरून सहा इंच, म्हणजे ५० घनफूट. फोडल्यावर ढीग होतो सत्तर-पंच्याहत्तर घनफुटांचा. हौदाकडे बघून वाटतं, दोन खेपांत जाईल. पण हा अडीच टनांचा ऐवज आहे आणि ती गाडी पाऊण टनाची. तीन-चार खेपा धरा. दोन-तीन भिंती पडणार असतील तर ट्रॅक्टरच परवडतो, गल्लीत शिरत असेल तर.

ठेकेदाराशी बोलतानाही हीच सफाई हवी. लेबर रेटमध्ये, म्हणजे फक्त मजुरीच्या ठेक्यात, राडारोडा बहुतेक वेळा धरलेला नसतो. वरच्या मजल्यावरून खाली कोण आणणार, गाडीत कोण भरणार, गाडीचे पैसे कोणाचे, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे लिहून घ्या. "साइट साफ करून देणार" या वाक्याला काही अर्थ नसतो. झाडू मारला तरी साइट साफच.

रात्रीचा स्वस्त ट्रॅक्टर

निम्म्या भावात नेणारा भेटला, तर तो नेतो कुठे हे विचारा. तो ओढ्यात, नदीकाठी, टेकडीच्या उतारावर नाहीतर खाडीलगत ओततो. कांदळवनात राडारोडा टाकण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट बंदी घातली आहे. आणि ओढ्यांचे काठ आवळत गेले की काय होतं ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याच्या पुरात काठच्या लोकांनी पाहिलं. गाडी पकडली गेली की चालक पहिलं नाव मालकाचं सांगतो. दंड, पोलिस, वर परत उचलण्याचा खर्च. यात स्वस्त काय राहिलं?

सरळ मार्ग शहरांत उपलब्ध आहे. राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प पुण्यात वाघोलीला आणि पिंपरी-चिंचवडसाठी मोशीला आहेत. मुंबईसाठी दहिसर आणि शिळफाटा-डायघर भागात. मुंबई महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, तिच्यात घरगुती कामाचा ५०० किलोपर्यंतचा राडारोडा मोफत उचलण्याची सोय जाहीर झालेली आहे. इतर ठिकाणी क्षेत्रीय कार्यालयात किंवा नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात विचारा. गाडी प्रकल्पावर गेली तर वजनकाट्याची पावती मागून घ्या आणि ती दाखवल्यावरच भाडं द्या. गावाकडे अशी सोय नसते, पण भरणी हवी असलेला माणूस नक्की असतो. तो जेसीबीवाल्याला माहीत असतो.

घरात जिरवताना होणारी गफलत

बचतीच्या नादात काहीही कुठेही भरणारेही आहेत. जोत्यात लाकडाचे तुकडे गेले तर वाळवीला आमंत्रण. काँक्रीटची मोठी ढेकळं गेली तर मध्ये पोकळ्या राहतात आणि फरशी बसते. स्लॅब, कॉलम, बीमच्या काँक्रीटमध्ये जुना चुरा घालायचा विचारही करू नका.

चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडे गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे गळती रोखणाऱ्या विटांच्या थराला लागतात. त्यांवर जुना गिलावा चिकटलेला नको आणि वापरण्याआधी ते पाण्यात भिजवायचे. सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकचे) तुकडे तिथे चालत नाहीत, ते पाणी पितात. टाइल्सचे तुकडे, विशेषतः पांढरे, वेगळ्या गोणीत जमवा. गच्चीवर चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) करायला ते उपयोगी पडतात आणि ऊनही परतवतात. बारीक चुरा कुंपणाच्या आतल्या वाटेखाली जातो.

फ्लॅटमध्ये काम काढलं असेल तर एकच सांगणं: गवंड्याला घमेलं आणि थापी बाथरूमच्या जाळीवर धुऊ देऊ नका. सिमेंट आणि ग्राउटचं (टाइल्सच्या सांध्यांत भरायच्या मसाल्याचं) पाणी पाइपात जाऊन घट्ट होतं, आणि तुंबतं ते खालच्या मजल्यावरच्यांचं. धुण्यासाठी एक पिंप ठेवा. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी निथळू द्या आणि गाळ वाळवून गोणीत भरा. गोणीही निम्मीच भरायची. पूर्ण भरली तर ती फाटते, किंवा हमालाची पाठ धरते.

ढीग आधीच लागला असेल तर

कालवलेला ढीग संपूर्ण निवडत बसू नका, मजुरी अंगावर येते. आधी वरचं प्लास्टिक, लाकूड, लोखंड हाताने काढा. मग वाळू चाळायची उभी जाळी लावून फक्त तेवढाच भाग चाळा, जेवढा घरात लागणार आहे. उरलेला घालवा.

पाऊस तोंडावर असेल तर ढिगावर ताडपत्री टाका. भिजलेला राडारोडा वजनाला भरतो, आणि जिथे टनावर शुल्क आहे तिथे पाण्याचेही पैसे मोजावे लागतात. भिजलाच असेल तर चार कोरडे दिवस थांबून मग गाडी बोलवा.

ठेकेदार ढीग टाकून पसार झाला असेल तर फोटो काढून ठेवा, दुसऱ्याकडून उचलून घ्या आणि ती पावती शेवटच्या हप्त्यातून वळती करा. शेवटचा हप्ता आधीच देऊन बसला असाल, तर मात्र ट्रॅक्टरचं भाडं तुमच्याच खिशातून.