टर्बो गाडी घाटात ओढत नाही? बूस्टची गळती शोधताना या चुका टाळा

टर्बो इंजिनात दाबाने हवा कोंबतो, तो दाब म्हणजे बूस्ट. आमच्या कोकणात बूस्टची गळती आधी घाटात कळते. चिपळूणच्या बाजारात गाडी ठीक चालते. कुंभार्ली चढायला लागली की पिकअप मरतो आणि एक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून वाऱ्याचा सूंऽऽ आवाज येतो. स्कॅनरवर पी०२९९ निघतो. हा कोड पाहून लगेच टर्बो बदलायला घेऊ नका. पाहिजे तेवढा दाब तयार होत नाही, एवढंच तो सांगतो. माझ्या एक लिटरच्या पेट्रोल गाडीला एका गॅरेजने नवा टर्बोच सांगितला होता. निघाली काय, तर इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजची सैल क्लिप.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी आयडलला, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता नुसती चालू ठेवून गळती शोधत बसणं. आयडलला टर्बो जवळजवळ दाब देतच नाही, आणि थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, तर व्हॅक्यूम असतो. टर्बो ते थ्रॉटलमधल्या होजची चीर तेव्हा मिटलेली असते, चढावर लोड आला की तोंड उघडते. म्हणून इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपला घट्ट बूच बसवून त्यातून हवा भरायची.

पण टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका. टाकीत सात-आठ बार दाब असतो, एवढ्याने होजच उडेल. रेग्युलेटर लावून ०.३ बारपासून हळूहळू वाढवा, ०.७ पर्यंत बहुतेक गळत्या सापडतात. ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा) पाइप याच वाटेला जोडलेला असेल तर काढून दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर दाब ऑइल सीलवर जातो. मग प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावा, होजच्या खालच्या अंगालाही. इंजिनच्या आतून बारीक फुसफुस ऐकू येईल. उघड्या व्हॉल्वमधून, पिस्टन रिंगांच्या कडेने थोडी हवा जातेच, तिच्यामागे लागू नका.

आणि तपासणीआधी इंजिन धुऊन घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. होजमध्ये तेलाचा पातळ थर असतोच. फट पडली की तो हवेबरोबर बाहेर येतो आणि त्यावर आपली जांभ्याची तांबडी धूळ बसते. माझ्या गाडीला क्लिपच्या एका बाजूला बोटभर तांबडा, चिकट लेप होता. पाण्याचा फवारा मारला असता तर ती खूण गेली असती.

खाऱ्या हवेत क्लिपचा स्क्रू गंजतो. पाना लावल्यावर घट्ट वाटतो, पण पट्टी आवळलेलीच नसते. अशी क्लिप बदला. नवी जोर लावून आवळू नका, होज कापला जातो. बसवण्याआधी दोन्ही तोंडं पुसून कोरडी करा, तेलकट होज बूस्ट आला की निसटतो.

कुठेच बुडबुडा आला नाही, तर वेस्टगेटची (टर्बोला न फिरवता जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेची) दांडी गंजून अडकली आहे का आणि डायव्हर्टर व्हॉल्वचा (एक्सिलरेटर सोडल्यावर जादा बूस्ट सोडणाऱ्या झडपेचा) पडदा फाटला आहे का ते बघा. दुरुस्तीनंतर त्याच घाटात, त्याच गियरला चढवा. शेजारी बसलेल्याला स्कॅनरवर मागितलेला आणि मिळालेला बूस्ट वाचायला सांगा.