पडद्यावरची साक्ष आणि दुभाषी : नव्याने येणाऱ्यांसाठी

व्हिडिओवरून चालणाऱ्या साक्षीत दुभाषी म्हणून पहिल्यांदा बसणारे बहुतेक जण शब्दांची जय्यत तयारी करून येतात. कायद्याच्या संज्ञा तोंडपाठ, वही-पेन हाताशी. ते हवंच. पण खरा कस लागतो तो बोलणाऱ्याला मधेच थांबवताना. वकिलाचा प्रश्न संपायच्या आत साक्षीदार उत्तर सुरू करतो, आवाज जरा उशिरा पोचतो, दोघांचे शब्द एकमेकांवर चढतात आणि आपल्या कानात येतो तो नुसता कालवा. कोर्टाच्या खोलीत नुसता हात वर केला तरी काम भागतं. पडद्यावरच्या एवढ्याशा चौकोनाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. तिथे स्पष्ट बोलावंच लागतं: ‘दुभाष्याला उत्तराचा शेवटचा भाग ऐकू आला नाही. साक्षीदाराने तो पुन्हा सांगावा.’

इथे ‘मला’ म्हणायचं नाही. साक्षभर आपल्या तोंडचा ‘मी’ हा साक्षीदाराचा असतो. नोंदीत दोन ‘मी’ झाले की पुढे अपिलात वाचणाऱ्याला कोण बोललं ते कळणार नाही.

न्यायाधीशांना अडवायचं कसं, असा संकोच नव्यांना फार वाटतो. १९४५ साली जर्मनीत न्युरेंबर्गला नाझी नेत्यांवर इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत खटला चालला, तेव्हा दिव्यांचीच सोय होती: पिवळा लागला की सावकाश बोला, लाल लागला की थांबा. भल्याभल्यांना तो दिवा पाळावा लागे. आपल्याकडे दिवा नाही, म्हणून सुरुवातीलाच न्यायाधीशांची परवानगी घेऊन सांगून टाकावं: एकावेळी एकानेच बोलावं, वाक्यं छोटी असावीत, आणि भाषांतर संपेपर्यंत पुढचा प्रश्न नको. अंदाजाने जागा भरून काढणं मात्र कधीच नको.

साक्षीदार परदेशात असेल तर लिंक पाठवली की झालं, असं नसतं. आपल्या भूमीवर परक्या कोर्टाने साक्ष घेणं हा काही देश सार्वभौमत्वाचा प्रश्न मानतात. दिवाणी आणि व्यापारी दाव्यांसाठी १९७० चा हेग पुरावा करार आहे. त्यात एका देशाचं कोर्ट दुसऱ्या देशाच्या मध्यवर्ती प्राधिकरणाकडे विनंतीपत्र पाठवतं. व्हिडिओ-लिंक त्यात कशी बसवायची यावर हेग परिषदेने, म्हणजे हा करार ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आहे तिने, २०२० मध्ये मार्गदर्शिकाही काढली. फौजदारी प्रकरणांची वाट वेगळी, ती परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारांतून जाते. परवानग्या काढणं हे वकिलांचं काम. आपण विचारायचं ते एवढंच की शपथ कोण देणार, कुठल्या नमुन्यात, आणि आपल्याला दुभाष्याची वेगळी शपथ आहे का. शपथेचा मजकूर आदल्या दिवशी मागून घ्यावा. तो आयत्या वेळी भाषांतरित करण्यात काही शहाणपण नाही.

कागदपत्रांचंही तसंच. वकील म्हणतो, ‘पान ४७ पाहा.’ साक्षीदारापुढे असतो त्याच्या भाषेतला अनुवाद, आणि त्यात तोच परिच्छेद पान ५२ वर. तो प्रामाणिकपणे ४७ वाचतो आणि भलत्याच करारावर उत्तर देतो. संच आधी मागून दोन्ही प्रती ताडून पाहा आणि तफावत वकिलांना आधीच कळवा. साक्ष सुरू झाल्यावर लक्षात आलं, तर ‘दुभाष्याच्या मते पानांचे क्रमांक जुळत नाहीत’ असं न्यायालयाला सांगायचं. साक्षीदाराला परस्पर ‘अहो, ५२ उघडा’ म्हणायचं नाही.

हावभावांची गंमत आणखी निराळी. साक्षीदार सांगतो, ‘पट्टी एवढी होती,’ आणि हात पसरतो. कॅमेऱ्यात दिसतात फक्त खांदे. आपण ‘एवढी’ असंच भाषांतर करायचं. किती ते विचारून नोंदीत आणणं वकिलाचं काम. ‘साधारण दोन फूट’ असं आपण सुचवलं, तर तो पुरावा आपला झाला, त्याचा राहिला नाही. साक्षीदाराने नुसती मान हलवली तरी हेच. आकडे, तारखा आणि नावं मात्र ऐकताक्षणी लिहून घ्या, स्मरणशक्तीवर सोडू नका.

व्हिडिओवर थकवा लवकर येतो, कारण ओठ नीट दिसत नाहीत आणि फाटका आवाज जोडून घेण्यातच अर्धी शक्ती जाते. एकाच वेळी ऐकत-बोलत भाषांतर करायचं असेल, तर साधारण अर्ध्या तासाने आलटून-पालटून बसायला जोडीदार मागावा. मिळत नसेल तर ठरलेल्या विश्रांती तरी मागाव्यात. वायरचा हेडसेट आणि पर्यायी फोन नंबर या बाबतीत तडजोड नको. लिंक तुटलीच, तर तोवरचं उत्तर मनाने पूर्ण करू नये. जोडणी परत आल्यावर कुठपर्यंत भाषांतर झालं ते सांगावं आणि तिथून पुढे जावं.

सर्वांत अवघड जागा मधल्या सुट्टीची. बाकीचे चौकोन काळे होतात, साक्षीदार एकटाच उरतो, आणि आपली भाषा बोलणारं माणूस समोर दिसलं की त्याला धीर येतो. ‘माझं बरोबर चाललंय ना?’ असं तो विचारतोच. उलटतपासणी चालू असताना या प्रश्नाचं कुठलंही उत्तर, अगदी मान डोलावणंसुद्धा, विरुद्ध पक्षाला आक्षेपाला पुरेसं आहे. त्यामुळे सुट्टी जाहीर झाली की आधी माइक आणि कॅमेरा बंद करायचा आणि मगच पाण्याला उठायचं.