सांस्कृतिक धोरण शिकताना: पदव्युत्तर अभ्यासाचे एक वर्ष

मराठी साहित्यात बी.ए. झाल्यावर मी पाच वर्षे एका नाट्यसंस्थेचे व्यवस्थापन पाहिले. नाट्यगृहाच्या तारखा मिळवणे, अनुदानाचे अर्ज भरणे आणि परवानग्यांसाठी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाणे हे माझे रोजचे काम होते. हळूहळू नाटकाच्या गुणदोषांपेक्षा ते उभे राहण्याच्या अटी कोण ठरवतो, हा प्रश्न मला अधिक छळू लागला आणि इंग्लंडमधील एका विद्यापीठात सांस्कृतिक धोरण या विषयाच्या एक वर्षाच्या एम.ए.ला मी प्रवेश घेतला. या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांना मी आधी सांगते की, कलास्वाद शिकण्याच्या अपेक्षेने येथे येऊ नका. संस्कृती म्हणून कशाला मान्यता मिळते, तिच्यासाठी पैसा कोठून येतो, परवानगी कोणाच्या सहीने मिळते आणि या व्यवहारातून कोण बाहेर राहतो, हे कागदपत्रांच्या आधारे तपासण्याचा हा अभ्यास आहे.

‘सार्वजनिक संस्कृती’ ही संज्ञा पहिल्याच आठवड्यात समोर येते. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई आणि कॅरोल ब्रेकेनरिज यांनी १९८८ मध्ये याच नावाचे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. अभिजात, लोककला आणि लोकप्रिय अशा तीन कप्प्यांत सिनेमा, क्रिकेट किंवा संग्रहालये नीट बसत नाहीत, हे त्यांच्या मांडणीतून मला पटले. मराठी विद्यार्थ्याला ही कल्पना समजायला जड जाऊ नये, कारण गणेशोत्सवामागे आपण ‘सार्वजनिक’ हा शब्द शतकाहून अधिक काळ लावत आलो आहोत. मंडपात पूजा असते, घरोघरची वर्गणी असते, जाहिरातींच्या कमानी असतात, महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी असते. यांतले एक काढून घेतले तर उरलेल्याचा अर्थ लागत नाही.

या वर्षात मला सर्वांत अधिक शिकवले ते एका साध्या स्वाध्यायाने. आपल्या देशात संस्कृतीचा कारभार कोणाकडे आहे याचा नकाशा काढा, असे प्राध्यापिकांनी सांगितले होते. ‘राज्याचा सांस्कृतिक कार्य विभाग’ एवढे लिहून मी थांबले, तेव्हा त्यांनी मला केंद्र आणि राज्ये यांच्यात विषयांची वाटणी करणारे संविधानाचे सातवे परिशिष्ट वाचून यायला सांगितले. पाच वर्षे परवानग्या मिळवणाऱ्या मला त्या कधी उलगडल्या नव्हत्या, त्या तेथे उलगडल्या. राज्य सूचीतील ३३वी नोंद नाट्यगृहे व नाट्यप्रयोग राज्याच्या अखत्यारीत ठेवते, तर चित्रपटांना प्रदर्शनाची मंजुरी देण्याचा विषय संघ सूचीतील ६०व्या नोंदीने केंद्राकडे जातो. म्हणूनच चित्रपटाला केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्रात नाटकाची संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली जाते. पुढे शोधत गेल्यावर दिसले की, सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहेत, साहित्य संस्कृती मंडळ मराठी भाषा विभागाकडे आहे आणि अनेक शहरांतील नाट्यगृहे महापालिकांच्या मालकीची आहेत. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेले राज्याचे २०१० चे सांस्कृतिक धोरण मी इंग्लंडला जाण्यापूर्वी वाचले होते आणि त्या विषयावरील वाचन तेवढ्यावर संपले असे मानले होते. नाट्यगृहाचे भाडे ठरवणारा महापालिकेचा ठराव हेही सांस्कृतिक धोरणच आहे, किंबहुना छोट्या संस्थेसाठी तेच निर्णायक धोरण आहे, हे मला त्या नकाशाने दाखवले.

वर्गात पाश्चात्त्य देशांची उदाहरणे भरपूर येतात. ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये आर्ट्स कौन्सिल स्थापन झाली. शासनाने पैसा द्यावा आणि कोणाला द्यायचा हे स्वायत्त मंडळाने ठरवावे, हे तिचे तत्त्व होते. फ्रान्सने १९५९ मध्ये स्वतंत्र सांस्कृतिक मंत्रालय काढले आणि अमेरिकेत करसवलतीच्या मार्गाने खासगी देणग्यांना वाव दिला जातो. हे नमुने अवश्य शिकावेत, पण त्यांत आपला अनुभव कोंबू नये. गावची जत्रा, भजनी मंडळ किंवा गणेशोत्सव ज्या वर्गणीवर चालतो, त्या वर्गणीला या नमुन्यांत जागाच नाही. मी ते वर्गात मांडले तेव्हा पुढची चर्चा तासभर त्याच एका शब्दावर झाली. आपल्याकडच्या उदाहरणांना संकोचाने तळटीपेत टाकू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

माझ्या पहिल्या निबंधाला जेमतेम उत्तीर्णतेपुरते गुण मिळाले. ‘शासनाने कलेला प्रोत्साहन दिले पाहिजे’ अशा वाक्यांनी तो भरला होता आणि प्रत्येक वाक्यापुढे प्राध्यापिकांनी एकच प्रश्न लिहिला होता: कोणत्या तरतुदीतून? त्या शेऱ्याचे मला फार वाईट वाटले, पण अर्थसंकल्प वाचायला मी त्यामुळेच शिकले. राज्यांच्या अर्थसंकल्पात ‘कला व संस्कृती’ या विषयाचे लेखाशीर्ष, म्हणजे त्यावरचा खर्च ज्या क्रमांकाखाली नोंदवतात तो, २२०५ असते. एवढा एक क्रमांक ठाऊक असला, तरी घोषणा केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांतील अंतर वर्षानुवर्षे पाहत जाता येते.

प्रबंधासाठी मी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ निवडला. या कायद्याखाली मान्यता मिळालेली बहुसंख्य ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान देते. कायदा आणि शासन निर्णय, ज्यांना सगळे जीआरच म्हणतात, ते वाचून माझे चित्र पूर्ण झाले असे मला वाटले होते. ड वर्गाच्या एका ग्रामीण ग्रंथालयात दोन दिवस बसल्यावर ते अपुरे असल्याचे कळले. त्याच अनुदानातून पुस्तके, वृत्तपत्रे, वीज आणि ग्रंथपालाचे मानधन भागवायचे असते. पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदवहीइतकाच तेथील ग्रंथपाल काकांनी जपलेला वृत्तपत्रांच्या थकलेल्या बिलांचा गठ्ठाही माझ्या प्रबंधाला उपयोगी पडला.

येथे दोन व्यावहारिक सूचना द्याव्याशा वाटतात. मुलाखती घेण्यापूर्वी विद्यापीठाची नैतिक मान्यता, म्हणजे मुलाखत देणाऱ्यांचे हित जपले जाईल हे पाहून दिलेली परवानगी, लागते. माझा अर्ज उशिरा गेल्याने तीन आठवडे वाया गेले, तेव्हा तुमचा अर्ज प्रबंधाचा विषय ठरताच द्या. मुलाखती मराठीत घ्या, उतरवूनही मराठीतच काढा आणि फक्त उद्धृत करायची वाक्ये इंग्रजीत आणा. ‘मानधन’ आणि ‘पगार’ या दोन्हींसाठी एकच इंग्रजी शब्द वापरला की, ग्रंथपालाची अर्धी तक्रार हरवते.

शिष्यवृत्तीसाठी ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगचा विचार करणाऱ्यांनी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट ध्यानात घ्यावी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नोकऱ्या संग्रहालयांत, कलासंस्थांत, धोरणविषयक संशोधनात आणि कलेला निधी देणाऱ्या न्यासांत मिळतात. त्या मोजक्या असतात आणि प्रमाणपत्रापेक्षा आधीच्या कामाची विचारपूस तेथे जास्त होते.

अर्ज करण्याआधी आपल्या गावातले एक नाट्यगृह किंवा ग्रंथालय निवडा. त्याच्या मालकीचा कागद, भाड्याचा किंवा वर्गणीचा दरपत्रक, शेवटचा अनुदान आदेश आणि गेल्या वर्षाचा जमाखर्च मिळवा. सहज मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा आणि उत्तर यायला किती दिवस लागले तेही लिहून ठेवा. प्रवेशाच्या अर्जासोबतचे माझे निवेदन मी ज्या सामान्य वाक्यांनी भरले होते, त्यांच्या जागी आज मी हे चार कागद ठेवीन.