अवकाशीय कल्पनाशक्ती मोजताना या चुका टाळा

अवकाशीय कल्पनाशक्तीच्या, म्हणजे आकार मनातल्या मनात फिरवून-जुळवून बघण्याच्या, चाचणीत मुलाला गुण कमी पडले की शेरा ठरलेला: 'आकृत्या डोळ्यांसमोर आणता येत नाहीत.' शेरा मारण्याआधी एकदा चाचणीकडेही संशयाने बघा. पुष्कळदा मोजलं गेलेलं असतं भलतंच.

सगळ्यात मोठी गफलत घड्याळाची. शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवलं, की फिरवलेल्या दोन आकृत्या एकच आहेत का हे ठरवायला लागणारा वेळ त्यांच्यातल्या कोनाच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणजे वेळ लागणं हा या कामाचाच भाग. तरीही आपण तीन मिनिटांचा गजर लावतो आणि प्रत्येक उत्तर दोनदा पडताळणाऱ्या मुलाला 'कच्चा' ठरवतो. मुलगे आणि मुली यांच्या गुणांतला फरकसुद्धा वेळेचं बंधन सैल केलं की कमी होतो. उपाय सोपा आहे: वेळ संपताच मुलांच्या हातात दुसऱ्या रंगाचं पेन द्या आणि पुढे सोडवू द्या. दोन रंगांचे गुण वेगवेगळे मांडा. पहिल्या रंगात पाच आणि दुसऱ्यासह पंधरा, असं मूल दिसलं तर अडचण वेगाची आहे, कल्पनेची नाही.

दुसरी चूक दयाळूपणाची. व्हँडेनबर्ग आणि क्युस यांच्या १९७८ च्या, फिरवलेली आकृती ओळखण्याच्या चाचणीत प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यांतले दोन बरोबर. दोन्ही जमले तरच गुण, हा प्रचलित नियम. 'एक तरी बरोबर आलं ना' म्हणून अर्धा गुण दिलात, तर डोळे मिटून खुणा करणाऱ्यालाही सरासरी निम्मे गुण मिळतात! दोन्ही बरोबर असण्याच्या नियमात नुसत्या अंदाजाने गुण मिळण्याची शक्यता सहात एक एवढीच उरते.

सूचना तोंडी सांगून मोकळं होऊ नका. कागदाला घड्या घालून छिद्र पाडण्याचा प्रश्न असेल तर खरा कागद घ्या, घडी घाला, भोक पाडा आणि उलगडून दाखवा. पहिले सोपे प्रश्नच चुकले असतील तर मुलाला बहुधा प्रश्नच कळलेला नाही. तो गुण धरू नका.

चुकांचा नमुनाही बघा. हे मात्र फारसं कुणी करत नाही. सगळ्या चुका आरशातल्या प्रतिमेवर बोट ठेवणाऱ्या असतील, तर मुलाने आकार ओळखलेला आहे, डाव्या-उजव्यात घसरलंय. वाटेल तिथे खुणा असतील तर गोष्ट वेगळी.

चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे ठोकळ्यांची त्रिमितीय रेखाचित्रं ठेवणं व्यर्थ. कागदावरच्या रेघांतून ठोकळा 'बघणं' हेच त्यांना अवघड. दोन सपाट तुकडे जोडून कोणता आकार होईल, असे प्रश्न त्या वयाला मानवतात. उत्तर चित्र काढून मागू नका, नाहीतर हात किती वळतो तेच मोजलं जाईल.

प्रशिक्षणाआधी आणि नंतर तोच कागद दिलात, तर वाढलेल्या गुणांत नुसत्या सरावाचाही वाटा असतो. प्रशिक्षण न घेतलेल्या मुलांचा एक गट त्याच दोन दिवशी बसवा आणि त्यांची वाढ वजा करा.

आणि छायाप्रती वाटण्यापूर्वी एकदा उजेडात धरून बघा. पुसट प्रतीत ठोकळ्याची एक कड उडालेली असते आणि त्या प्रश्नाला बरोबर उत्तरच राहत नाही.